टँगचा चहा आणि बाकी खुशाली

रॅले, नॉर्थ कॅरोलिना

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

मी इकडे मजेत आहे. फोन रोज होतो, पण तुझं "जेवलीस का?" आणि माझं "हो गं" यातच तो संपतो, म्हणून सविस्तर लिहितेय. थंडी आहे, पण तू टीव्हीवर बघितलास तो बर्फ वरच्या राज्यांतला. इथे क्वचितच पडतो. स्वेटर घालते, कानटोपीही घालते. खोकला गेला.

परवा मला चहाची परीक्षक केलं होतं. हसू नका! ऑफिसातल्या एका बाईंच्या चर्चच्या हॉलमध्ये नाताळाआधीचा छोटा बाजार भरला होता, त्यात चहाची स्पर्धा. तू इंडियाची, तुला चहातलं कळणारच, एवढ्या पात्रतेवर माझी नेमणूक झाली. आणि आई, चर्च म्हटल्यावर लगेच दचकू नकोस. तो हॉल म्हणजे आपलं मंगल कार्यालय समज. लोक जमतात, खातात, खुर्च्या घड्या घालून ठेवतात आणि घरी जातात. मला कुणी काही शिकवायला आलं नाही.

चहाचं नाव 'रशियन टी'. रशियात चहात लिंबाची चकती टाकतात, तेवढाच त्याचा रशियाशी संबंध. इथे दक्षिणेकडच्या राज्यांत तो कसा करतात ते नीट वाच, कारण माझाही आधी विश्वास बसला नव्हता. दोन कप टँग. हो, आपण पाहुण्यांच्या पोरांना देतो तेच टँग, संत्र्याच्या सरबताची पावडर. त्यात अर्धा-पाऊण कप इन्स्टंट चहाची पूड. मग साखर, म्हणजे टँगमध्ये साखर असतेच, तरी वरून आणखी. लिंबू सरबताच्या पावडरीचं एक पाकीट, चमचाभर दालचिनीची पूड, अर्धा चमचा लवंगेची. सगळं कोरडंच ढवळून काचेच्या बरणीत भरायचं, झाकणाला लाल रिबीन बांधायची आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना भेट द्यायची. प्यायच्या वेळी मगात दोन-तीन चमचे घालून वर गरम पाणी. पातेलं नाही, गाळणं नाही, उकळी नाही. पाणीसुद्धा मायक्रोवेव्हमध्ये तापवतात. दूध घालायचं नाही, घातलं तर आंबटामुळे फाटेल. हे सगळं लोक अगदी हळवे होऊन पितात, आजीची आठवण काढत.

बाबा, हे टँग १९५९ मध्ये बाजारात आलं तेव्हा फारसं खपलं नव्हतं. १९६२ मध्ये अमेरिकन अंतराळवीर जॉन ग्लेनच्या यानात गेलं आणि मग घराघरांत पोचलं.

चव सांगायची तर पहिला वास छान येतो, संत्र्याचा आणि दालचिनीचा. पण घोट घेतला की चहा कुठे आहे ते शोधावं लागतं. शिवाय लवंगेची पूड विरघळत नाही, मगाच्या तळाशी चिखलासारखी बसते आणि शेवटच्या घोटाला जीभ बधिर. गरम सरबत म्हणून मी त्याला चांगले गुण दिले असते. चहा म्हणून नाही दिले.

एका वयस्कर बाईंनी मात्र जुन्या पद्धतीने केला होता, टँग येण्याच्या आधीच्या. अख्ख्या लवंगा साखरेच्या पाण्यात उकळून काढून टाकल्या, चहाची पानं वेगळी भिजवून पाच मिनिटांत गाळून घेतली, आणि संत्र्या-लिंबाचा रस अगदी शेवटी. सालं उकळली नव्हती, म्हणून कडवटपणा नाही. लिंबामुळे चहाचा रंग उजळून मधासारखा दिसत होता. पहिला नंबर मी त्यांनाच दिला. टँगवाल्या जरा फुगल्या, पण दिला.

आणि हो, चहाचे धंदेवाईक पारखी मुद्दाम मोठा आवाज करत भुरका मारतात. हवेबरोबर वास नाकापर्यंत चढतो म्हणून. तेव्हा आई, यापुढे बाबांना बशीवरून बोलायचं नाही.

आंबट चहाने पित्त झालं नाही, तू विचारायच्या आधीच सांगते. घरी मी आपलाच करते, आलं ठेचून. पोळ्याही करते. रोज नाही, पण करते.

आता कामाचं. पैसे पाठवलेत, बँकेत बघून घ्या. त्यातून आधी बाबांच्या मोतीबिंदूचं उरकायचं, गच्चीची गळती नंतर. "तू आल्यावर करू" असं बाबा म्हणाले, ते मला चालणार नाही. माझ्यासाठी डोळा थांबवू नका. व्हिसाच्या स्टॅम्पिंगची तारीख मिळत नाहीये, त्यामुळे फेब्रुवारीत चिंगीच्या लग्नाला जमणार नाही. तिला मी स्वतः फोन करते, तुम्ही आधी बोलू नका. आहेराचे पैसे यातच वेगळे धरलेत. साडी तूच निवड, मोरपंखी असली तर बघ.

त्या पुण्याच्या स्थळाशी बोलले. मुलगा वाईट नाही, बोलतो नीट. पण ग्रीन कार्डचं आधी विचारलं आणि माझं काम काय ते नंतर. मी नाही म्हटलेलं नाही, हो तर नाहीच नाही. मावशीला एवढ्यात काही कळवू नकोस. वय वाढतंय हे मला कळतं गं, दर फोनला सांगायला नको.

तुमची,
मुक्ता

ता. क. एक बरणी ऑफिसातल्या एकाच्या बॅगेतून पुण्यापर्यंत येतेय, दादाला घ्यायला सांग. बाबांना शुगर आहे, त्यांना फक्त वास द्यायचा.