साखरपुड्याचा फोटो कापण्याआधी

संपादक महोदय,

साखरपुड्याच्या अभिनंदनाचे जे फोटो पुरवण्यांतून छापून येतात, त्यांत मुलाच्या फेट्याचा तुरा उडालेला आणि मुलीची अंगठीची बोटे चौकटीबाहेर गेलेली, असे नेहमी दिसते. दोष बहुधा पान लावणाऱ्याचा नसतो. फोटो काढतानाच जोडप्याभोवती जागा सोडलेली नसते, मग दिलेल्या मापात बसवायला काहीतरी कापावेच लागते.

हिशेब मापांचा आहे. बहुतेक डीएसएलआर आणि मिररलेस, म्हणजे लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यांची चौकट ३:२ (लांबी : रुंदी) असते, मोबाईलची साधारणपणे ४:३. कॅमेऱ्याच्या फोटोची ४ बाय ६ किंवा १२ बाय १८ इंची प्रिंट न कापता निघते. ८ बाय १० काढायची तर ८ बाय १२ मधले लांबीतले २ इंच जातात. करिझ्मा अल्बमचे (लग्नसमारंभाचा जाड पानांचा छापील अल्बम) उघडे पान १२ बाय ३६ असते, म्हणजे ३:१. आडवा फोटो तिथे पानभर पसरायचा तर त्याची निम्मी उंची जाते, शिवाय जोडपे मधोमध उभे असेल तर पानाची घडी नेमकी दोघांच्या मधून किंवा एकाच्या चेहऱ्यावरून जाते. तोच आडवा फोटो व्हॉट्सॲप स्टेटसच्या ९:१६ चौकटीत भरला की रुंदीचा जेमतेम ३७ टक्के भाग उरतो. म्हणून प्रत्येक पोझचा एक उभा, एक आडवा आणि एक चार पावले मागे सरून सैल, असे तीन फोटो घ्यावेत. फेट्याच्या वर अर्धा फेटा मावेल एवढी जागा ठेवावी. लॅबची कटिंग आणि फ्रेमची पट्टी मिळून कडेचा पाव इंच तरी खातातच.

कापायचे तर सांध्यावर कापू नये. मनगट, कोपर, गुडघा, घोटा इथे चौकट संपली की अवयव तुटल्यासारखा दिसतो. मांडीच्या किंवा दंडाच्या मध्यावर कापलेले डोळ्याला खुपत नाही. नऊवारी असेल तर एक तर पावलांसकट सबंध घ्यावी, नाहीतर कमरेशी थांबावे. पोटऱ्यांवर काठ अर्धवट कापलेली नऊवारी कितीही महाग असो, फोटोत गबाळीच दिसते. बोटे मात्र कधीच कापू नयेत. प्रसंगच अंगठीचा आहे.

मुलीला फोटोत उजव्या बाजूला, म्हणजे मुलाच्या डावीकडे उभे करावे. परंपरेनेही तिची जागा तीच, पण त्यात व्यवहार आहे. दोघे एकमेकांकडे वळले की तिची डावी बाजू कॅमेऱ्याकडे येते आणि नथ, खांद्यावरचा पदर, डाव्या हातातली अंगठी असे सगळे एकदम दिसते. बाजू बदलली तर नथ नाकाआड जाते. अल्बमच्या मांडणीसाठी काही जण फोटो आरशासारखा उलटा करतात, मोबाईलचा सेल्फी कॅमेराही कधी कधी तेच करतो. मग नथ उजव्या नाकपुडीत आणि पदर उजव्या खांद्यावर! घरातल्या आजीला हे पहिल्या नजरेत कळते, डिझायनरला कळत नाही.

काही चुका मात्र कापून सुटत नाहीत. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर ८५ मिमी लेन्स एफ १.८ ला, म्हणजे लेन्सचे छिद्र खूप उघडे ठेवून २ मीटरवरून फोटो घेतला, तर पुढून मागे सुस्पष्ट राहणारी खोली साधारण ६ सेंटीमीटर असते. एक जण अर्धे पाऊल मागे असला की त्याचा चेहरा धूसर झालाच. दोघांसाठी छिद्र लहान करून एफ ४ ठेवावे आणि दोन्ही चेहरे कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर आणावेत. मोबाईलच्या १एक्स लेन्समध्ये कडेचे चेहरे ताणले जातात, तेव्हा सोय असेल तर २एक्स वापरावे. वाईजवळच्या मेणवलीसारख्या घाटावर पायऱ्यांच्या आडव्या रेषा दोघांच्या मानेतून जाणार नाहीत, हे शटर दाबण्याआधीच पाहावे. कॅमेरा वीतभर वर-खाली केला तरी पुरते.

वृत्तपत्राच्या कागदावर शाई पसरते आणि सावल्या आणखी गडद होतात. हॉलमधल्या वरच्या दिव्यांनी डोळ्यांखाली पडलेली सावली छापताना काळी होते. अशा फोटोत पाठवण्याआधी चेहरे थोडे उजळ करावेत. आणि तो व्हॉट्सॲपवर साधा न पाठवता डॉक्युमेंट म्हणून किंवा ईमेलने पाठवावा. साध्या पाठवणीत पिक्सेल कमी होतात, मग कापायला काही शिल्लक राहत नाही.

आपल्याला विनंती एवढीच, की फोटो मागवताना सूचनेत चौकटीची रुंदी आणि उंची सेंटीमीटरमध्ये द्यावी, फोटो उभा हवा की आडवा तेही लिहावे आणि न कापलेली मूळ फाईल मागावी. इन्स्टाग्रामसाठी आधीच चौरस कापलेला फोटो एका कॉलमच्या उभ्या चौकटीत बसवताना दोघांपैकी एकाचा खांदा जातोच.

आपला,
एक छायाचित्रकार वाचक, सातारा