डॉक्टरसाहेब, तुम्ही दुधाची वही वाचलीत

आदरणीय डॉक्टरसाहेब,
सादर नमस्कार.

पत्र मराठीतच लिहिते आहे. तुम्ही वाचाल, माझी वहीही वाचलीतच की.

ह्यांना मल्टिपल स्क्लेरोसिस हा मेंदूचा आणि मज्जारज्जूचा आजार होऊन नऊ वर्षं झाली. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात ह्या आजाराचं नाव आहे, पण सवलतींना दाखल्यावर ४० टक्के दिव्यांगत्व लागतं आणि पहिल्या तपासणीत ३० टक्केच मिळाले. जानेवारीतली गार सकाळ होती. हे पाच पावलं चालले, "चलते तो हैं" असं कोणीतरी म्हणालं, आणि एमआरआयची फाइल दोरी न सोडताच परत आली. तो राग अजून गेलेला नाही. जानेवारीत चालणारा हा माणूस ग्वाल्हेरच्या मे महिन्यात पलंगावरून उठू शकत नाही. अंग जरा तापलं की ह्या आजारात नसांमधले संदेश अडखळतात. हे पाच पावलांत कसं दिसणार?

अपिलात तुम्ही एमआरआय पाहिलात, पाय तपासलेत, आणि मग विचारलंत, "घर में कोई लिखकर रखता है?" मी लाजत पिशवीतून दुधाच्या हिशेबाची वही काढली. तिच्या कडेला मी काहीबाही लिहीत असे. तुम्ही चष्मा पुसलात आणि अक्षर लावत मोठ्यानं वाचलंत, "आज बटणं लागली नाहीत." थांबून म्हणालात, "लागली नाहीत मतलब?"

ह्यांनी शर्टाचं बटण सोडलं आणि पुन्हा लावायला घेतलं. बोटं घसरत राहिली. बाहेर रांग होती, तरी तुम्ही घड्याळाकडे पाहिलं नाहीत, "रहने दीजिए" म्हणाला नाहीत. ह्यांचं बटण लागेपर्यंत थांबलात. डॉक्टरसाहेब, नऊ वर्षांत घराबाहेरचं कोणी एवढं थांबलं नव्हतं.

मग वहीतल्या तारखा डिस्चार्ज कार्डांशी एकेक करून जुळवल्यात. माझं लिहिणं पुरावा ठरू शकतं, हे मला तेव्हा कळलं. सरकारी दवाखान्यात गर्दी किती असते ते मी पाहते. त्याच गर्दीत एखादी सिस्टर म्हातारीला हाताला धरून बाकावर बसवतानाही पाहिली आहे. अशी माणसं भेटतात म्हणून फाइल घेऊन पुन्हा त्या पायऱ्या चढता येतात.

दाखला आला, ४५ टक्क्यांचा. हे तो बराच वेळ हातात धरून बसले होते. त्या दिवशीचं दूध वहीत मांडायचं राहूनच गेलं.

आपली ऋणी,
लष्कर, ग्वाल्हेर