शमे, धोतरं निळी झाली गं

प्रिय शमे,

तुझं पार्सल आलं तेव्हा मी नुसतं "मिळालं" एवढाच मेसेज टाकला आणि नंतर गप्प बसले, तू दोनदा विचारलंस तरी नीट काही बोलले नाही, कारण गेल्या वर्षीसारखं झालं असतं तर तुला काय सांगणार होते मी. काकांची इतकी जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली धोतरं, ती पण नातवंडाच्या दुपट्यासाठी जपून ठेवलेली. आता सांगते. झाली गं निळी. परसात दोरीवर वाळतायत आणि मी मागच्या पायरीवर बसून तुला लिहितेय.

गेल्या वर्षीचं तुला अर्धवटच माहितीये. ज्याच्या पाल्यातून निळा रंग निघतो त्या निळीच्या झाडाचं म्हणून बी ऑनलाइन मागवलं, उगवलं पण झकास, बारीक बारीक पानं, शेंगा, सगळं फोटोसारखं. पाला भिजवला तर नुसतं मातकट पाणी आणि नाक धरायला लावणारा वास. मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय, म्हणून तीनदा केलं. शेवटी आमच्या गल्लीतल्या एक आजी आल्या, त्यांना झाडपाल्याची चांगली माहिती आहे, त्यांनी एक पान दोन टोकांना धरून ओढलं तर ते आडवं सरळ तुटलंच नाही, इंग्रजी व्ही सारखं तुटलं, बाणाच्या मागे पिसं असतात ना अगदी तसं. म्हणाल्या, "अगं बाई, ही तर उन्हाळी!" शरपुंखा म्हणतात ती हीच, शर म्हणजे बाण. माळावर, रस्त्याच्या कडेला कुठेही उगवते, औषधी आहे, पण मला हवा तो रंग तिच्यात नव्हता. इंग्रजीत तिलाही वाइल्ड इंडिगो म्हणतात, तिथेच विकणाऱ्याचा घोळ झाला असणार. अख्खा पावसाळा गेला माझा, फार वाईट वाटलं होतं तेव्हा.

या वर्षी ओळखीतल्या एका बाईंकडून खात्रीचं बी आणलं, त्या स्वतः कापड रंगवतात. बी मोहरीहून थोडंच मोठं पण कवच फार टणक, म्हणून पॉलिशपेपरवर हलकं घासलं आणि रात्रभर गरम पाण्यात भिजवलं, जे फुगलं तेवढंच लावलं. जागा म्हणशील तर विहिरीकडच्या भिंतीलगत 10 बाय 4 फुटांचा वाफा, दिवसभर ऊन. खत जवळजवळ दिलंच नाही, कारण हे डाळीच्या कुळातलं झाड, मुळांवर गाठी असतात आणि नत्र स्वतःच धरतं. फक्त मुळाशी पाणी साचू द्यायचं नाही, वाईचा पाऊस तुला माहितीये, म्हणून वाफा वीतभर उंच केला.

गणपतीच्या जरा आधी फांद्यांच्या बेचक्यात गुलाबीसर बारीक तुरे डोकवायला लागले. हीच वेळ, फुलं पूर्ण उमलू द्यायची नाहीत, कारण पानातला रंगाचा ऐवज तेव्हाच सगळ्यात जास्त असतो. सकाळी सकाळी कापलं, जमिनीपासून वीतभर खोड ठेवून, आता त्याला परत फुटवा आलाय.

आणि गंमत बघ, पानात निळं काहीच नसतं. हिरवंगार पान. त्यात इंडिकन नावाचा बिनरंगाचा पदार्थ असतो, पाण्यात पाला कुजायला लागला की तो फुटतो, आणि मग त्याला हवा लागली की निळा होतो, आणि तो निळा पाण्यात विरघळत नाही, तळाशी बसतो. 8 किलो पाला पिंपात दाबला, वर पाटा ठेवला, पाणी भरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी पिवळट हिरवं आणि वर तांब्यासारखी चकाकणारी साय! पाला काढून टाकला, विझवलेला चुना मूठभर कालवून घातला आणि मग तासभर या बादलीतून त्या बादलीत उंचावरून ओतत राहिले. फेस आधी पांढरा, मग हिरवा, मग निळा, अगदी दाट निळा, आणि हळूहळू तो फेस बसायला लागला की समजायचं झालं. हात भरून आले पण थांबवेना. रात्रभर ठेवलं, वरचं पाणी काढलं आणि खालचा गाळ पंच्यात बांधून श्रीखंडाचा चक्का टांगतो तसा टांगला.

वाळल्यावर किती भरला असेल? 15 ग्रॅम. 8 किलोतून.

तो वाटीतला गोळा बघितला तेव्हा मला चंपारण पहिल्यांदा खरं कळलं. शाळेत आपण पाठ केलं होतं, 1917, गांधीजी, तीनकठिया, बिघ्यातल्या 20 कठ्ठ्यांपैकी 3 कठ्ठ्यांत निळीची सक्ती. तेव्हा ते मार्कांपुरतं. पण इतक्याशा रंगाला इतका पाला लागत असेल तर पेट्या भरभरून नीळ न्यायला किती जमीन लागत असेल आणि ती कुणाच्या तोंडच्या भाताची असेल, हे हात दुखल्यावर कळतं गं. 1897 पासून जर्मनीतल्या कारखान्यातली नीळ बाजारात आली आणि हळूहळू झाडाची मागेच पडली. आपल्या आया पांढऱ्या कपड्यांना द्यायच्या ती पुडीतली नीळ बहुतेक अल्ट्रामरीन, तिचा या झाडाशी संबंध नाही.

आता धोतरांचं. आधी धुण्याच्या सोड्यात उकळून घेतली, खळ आणि तेल निघायला हवं. नीळ पाण्यात विरघळत नाही म्हणून तिच्यातली हवा परत काढून घ्यावी लागते, त्यासाठी 1 भाग नीळ, 2 भाग चुना, 3 भाग फळसाखर (फ्रुक्टोज) असं फ्रान्समधले नैसर्गिक रंगांचे जाणकार मिशेल गार्सिया यांचं माप आहे, मी साखरेऐवजी फार पिकलेली केळी उकळून त्याचं पाणी घातलं. दक्षिणेत टाकळ्याच्या बिया घालून आंबवतात, हो, आपण भाजी करतो तोच टाकळा! पुढच्या वर्षी ते करून बघणार. पातेलं गरम पाण्यात ठेवलं, दोन तासांनी आतलं पाणी पिवळं झालं.

ओलं धोतर हळूच आत सोडलं, बुडबुडा येऊ न देता, दहा मिनिटांनी वर काढलं तर ते पोपटी! आणि माझ्या हातात, बघता बघता, कडेकडेने, घडीच्या बाहेरून आत, निळं होत गेलं. मी सुनंदाला हाक मारेपर्यंत अर्धं झालं होतं. असं पाच वेळा बुडवलं, प्रत्येक वेळी थोडं गडद. तू जिथे जिथे रफू केलेलंस ते टाके मात्र पांढरेच राहिलेत, तुझा दोरा पॉलिस्टरचा असणार, त्यावर नीळ चढत नाही. मला ते फार आवडलंय, उसवू नकोस.

व्हिनेगरच्या पाण्यातून काढलीयेत, चुना राहायला नको. तरी तू अजून चार-पाच वेळा धू, निळीचा अंश हाताला लागतो, पाणी नितळ निघेपर्यंत बाळाच्या अंगाखाली घालू नकोस. आणि गोधडीचं अस्तर पांढरं असेल तर आधी तुकडा घासून बघ.

पुडीत थोडं बी ठेवलंय, जूनमध्ये लाव. झाडं वीतभर झाली की पांढऱ्या फडक्यावर एक पान चुरगळून घासून ठेव, जरा वेळाने डाग निळसर झाला पाहिजे. आणि एक पान ओढूनही बघ. व्ही सारखं तुटलं तर लगेच फोन कर, मी दुसरं बी पाठवते.

तुझी,
विजू

वाई