वरच्या मजल्यावरच्या काकांना, जाहीर आभार

ती. स्व. काकांना,
साष्टांग नमस्कार.

समोर येऊन आभार मानले की तुम्ही "बरं, चहा टाकू का?" म्हणून विषयच बदलता. म्हणून हे जाहीर पत्र. नाव कुठेही घालायचं नाही ही तुमची अट पाळली आहे. ऑडिटमधून निवृत्त झालेले काका कोथरूडमध्ये इतके आहेत की कुणाला पत्ता लागायचा नाही.

ज्यांना प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आमची मुलगी वेटलिफ्टिंग करते. डिसेंबर २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी खेळांची पहिली यादी काढली, त्यात वेटलिफ्टिंग नव्हतं. बॉक्सिंग आणि मॉडर्न पेंटॅथलॉनही नव्हतं. लेक तेव्हा नववीत. तिने विचारलं, "खेळच काढून टाकणार असतील तर मी बार कशासाठी उचलू?" आम्ही दोघांनी नेहमीचं उत्तर दिलं, की राजकारण काय, सगळीकडेच असतं. हे जिन्यात बोलत होतो आणि तुम्ही भाजीची पिशवी घेऊन वर चढत होतात. थांबून म्हणालात, "राजकारण असतं म्हणजे नेमकं काय असतं? कोणी, किती, कुठल्या खात्यातून?"

आमच्या घरात हा प्रश्न तेव्हापासून मुक्कामाला आहे.

दोन दिवसांनी तुमच्या टीपॉयवर मॅक्लारेन अहवाल होता, म्हणजे आंतरराष्ट्रीय वेटलिफ्टिंग महासंघाच्या कारभाराची मॅक्लारेन यांनी केलेली चौकशी, जून २०२० ची. अप्पा बळवंत चौकात प्रिंट काढून स्पायरल बाइंडिंग करून आणलेला, कारण स्क्रीनवर वाचलेला हिशेब तुमच्या लेखी हिशेबच नाही. समासात तुमच्या शिसपेन्सिलच्या खुणा. माझं इंग्रजी बेताचं आणि लेकीला कंटाळा, तरी तुम्ही पान पान समजावून सांगितलंत.

तमाश आयान हे नाव मी तोवर ऐकलंही नव्हतं. हंगेरीचे हे गृहस्थ १९७६ पासून आंतरराष्ट्रीय वेटलिफ्टिंग महासंघाचे सरचिटणीस आणि २००० पासून अध्यक्ष. जानेवारी २०२० मध्ये एआरडी या जर्मन वाहिनीने त्यांच्यावर माहितीपट दाखवला, चौकशी बसली आणि एप्रिलमध्ये त्यांनी राजीनामा दिला. चव्वेचाळीस वर्षं! तुम्ही तो आकडा ऐकवून म्हणालात, "एवढी वर्षं एकाच माणसाकडे किल्ली असेल तर त्याने चोरी केली की नाही हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न, बाकीचे काय करत होते?"

मग तुम्ही लेकीची गणिताची वही मागून घेतलीत आणि मागच्या पानावर पट्टीने चार रकाने आखलेत. रोख कुणी घेतली. कुणी मोजली. वहीत कुणी लिहिली. बँकेत कुणी भरली. "आपल्याकडे साध्या गणपती मंडळातही या चार जागी निदान दोन माणसं असतात," असं म्हणत तुम्ही अहवालातली माणसं त्या रकान्यांत भरायला लागलात. ज्या देशांचे खेळाडू डोपिंगमध्ये सापडत त्यांच्या महासंघांना दंड व्हायचा. तो रोखीने गोळा होई आणि जाई अध्यक्षांकडे. बँकेतूनही मोठमोठ्या रकमा रोख काढल्या जात. त्या कशावर खर्च झाल्या याचा मेळ चौकशी करणाऱ्यांना लागला नाही. चारही रकान्यांत तुम्ही एकच नाव लिहिलंत आणि खाली रेघ मारून आकडा टाकलात: १.०४ कोटी डॉलर, हिशेब नाही.

ते पान लेकीने फाडून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय.

तिला पैशांपेक्षा दुसरी गोष्ट जास्त लागली. महासंघाच्या कागदपत्रांत चाळीस पॉझिटिव्ह चाचण्या दडवलेल्या सापडल्या होत्या, त्यांत सुवर्ण आणि रौप्य मिळवलेलेही होते. तिने विचारलं, "मग चौथी आलेल्या मुलीला कुणी कळवलं का?" तुम्ही तिची समजूत वगैरे घातली नाहीत. म्हणालात, "चौथीचा रकाना कुठल्याच अहवालात नसतो." आणि मग दंडाचं गणित तिला उलगडून दाखवलंत. २००९ मध्ये आपल्याकडचे सहा लिफ्टर डोपिंगमध्ये सापडले तेव्हा भारतीय महासंघाला ५ लाख डॉलर दंड झाला, आणि तो भरल्याशिवाय २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत आपल्या लिफ्टरना उतरता येणार नव्हतं. एका देशाचा एक दंड एवढा मोठा. दंड हेच उत्पन्न झालं की चोर पकडण्यातही फायदा आणि चोर झाकण्यातही. हे मला कुणी समजावलं नसतं तर मी जन्मभर "डोपिंग वेगळं, भ्रष्टाचार वेगळा" असंच धरून चालले असते.

निवडणुकीचं मात्र लगेच कळलं, कारण तुम्ही आपल्या सोसायटीचं उदाहरण दिलंत. पार्किंग कुणाला, गळती आधी कुणाची काढायची, हे चेअरमन ठरवतो आणि त्याला निवडून देणारेही तेच पार्किंगवाले आणि गळतीवाले. जागतिक महासंघात प्रत्येक देशाला एक मत. शंभर खेळाडूंच्या देशाचं आणि लाख खेळाडूंच्या देशाचं वजन सारखंच. "विकास निधी" वाटणारा अध्यक्ष, निधी घेणारे मतदार. वेटलिफ्टिंगमध्ये तेवढ्यावरही भागलं नाही. आधीच्या दोन निवडणुकांत मतांची सर्रास खरेदी झाली, असं मॅक्लारेन यांनी लिहिलंय.

फुटबॉलच्या गोष्टी तुम्ही आम्हाला चवीपुरत्या दिल्यात. मला त्या जास्त हव्या होत्या हे कबूल करते. मे २०१५ मध्ये झ्युरिकच्या पंचतारांकित हॉटेलात पहाटे फिफाच्या, म्हणजे जागतिक फुटबॉल महासंघाच्या, वर्तुळातल्या सात जणांना अटक झाली आणि हॉटेलच्या लोकांनी कॅमेऱ्यांपासून लपवायला पांढऱ्या चादरी धरल्या. उत्तर व मध्य अमेरिका आणि कॅरिबियनच्या फुटबॉल संघटनेच्या चक ब्लेझर नावाच्या अधिकाऱ्याकडे न्यूयॉर्कमध्ये महिना ६ हजार डॉलर भाड्याचा एक जादा फ्लॅट होता, तो मुख्यतः त्याच्या मांजरांसाठी, असं तेव्हा सगळीकडे छापून आलं होतं. मी हसत होते, तुम्ही वैतागलात. "मांजरं सगळ्यांच्या लक्षात राहतात. त्याच्या करारात दहा टक्के कमिशन लिहिलेलं होतं, ते वाचा ना." प्रायोजक आणि टीव्हीच्या करारांवर दहा टक्के! तो करार संघटनेच्या कपाटात वर्षानुवर्षं पडून होता.

आयएसएल या स्विस कंपनीची कथा सांगताना मात्र तुमचा आवाज चढला होता, काकू आतून बघायला आल्या. ही कंपनी मोठ्या स्पर्धांचे हक्क विकत घ्यायची आणि २००१ मध्ये बुडाली. तिने क्रीडा अधिकाऱ्यांना सुमारे १३.८ कोटी स्विस फ्रँक "कमिशन" वाटल्याचं झुगच्या कोर्टात पुढे आलं. जुलै २०१२ मध्ये कागद उघडे झाले तेव्हा फिफाचे माजी अध्यक्ष जोआव हावेलांज यांच्या नावावर १५ लाख फ्रँक निघाले आणि त्यांचे एकेकाळचे जावई रिकार्दो तेशेरा यांच्या नावावर १.२७ कोटी. तुम्ही चिडलात ते रकमेवर नाही. त्या काळात स्वित्झर्लंडमध्ये खासगी संस्थेच्या माणसाने असं कमिशन खाणं हा गुन्हाच नव्हता, आणि कायद्याच्या लेखी जागतिक फुटबॉल महासंघ म्हणजे एक साधी खासगी संघटना, यावर.

लेकीची आवडती गोष्ट बहामाजची. मे २०११, त्रिनिदादमधलं हॉटेल, फिफाच्या अध्यक्षपदाला उभे राहिलेले मोहम्मद बिन हम्माम कॅरिबियन देशांच्या प्रतिनिधींना भेटायला आलेले. बहामाजच्या फुटबॉल संघटनेचे फ्रेड लन यांना एका खोलीत बोलावून पाकीट दिलं गेलं. वर हाताने "बहामाज" लिहिलेलं, आत शंभराच्या नोटांत ४० हजार डॉलर. त्यांनी आपल्या अध्यक्षांना फोन केला, नोटांचा फोटो काढला आणि पाकीट परत केलं. लेक म्हणाली, एकदम हिरो. तुम्ही म्हणालात, "फोटो काढला म्हणून हिरो. नुसतं परत केलं असतं तर आज कुणाला कळलं असतं?" आणि लगेच हेही सांगितलंत, की बिन हम्माम यांच्यावरची त्या प्रकरणातली बंदी क्रीडा लवादाने पुरावे पुरेसे नाहीत म्हणून उठवली आणि फिफाने नंतर वेगळ्या कारणावरून पुन्हा आजीवन बंदी घातली. अर्धीच गोष्ट सांगायची तुम्हाला सवय नाही.

पुण्यात बसून हा विषय चालावा आणि दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेच्या आयोजन समितीचे तेव्हाचे अध्यक्ष सुरेश कलमाडी यांचं नाव निघू नये हे शक्यच नव्हतं. एका संध्याकाळी तुमच्याकडे आलेले एक गृहस्थ त्यांच्याबद्दल काय काय बोलत होते. तुम्ही त्यांना मध्येच तोडलंत. एप्रिल २०११ मध्ये अटक झाली हे खरं, आणि एप्रिल २०२५ मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने आर्थिक गैरव्यवहाराच्या प्रकरणात ईडीचा क्लोजर रिपोर्ट स्वीकारला हेही खरं, दोन्ही तारखा एकाच दमात सांगायच्या. ते गृहस्थ नाराज होऊन गेले. पण डिसेंबर २०१२ मध्ये ऑलिंपिक समितीने भारतीय ऑलिंपिक संघटनेला निलंबित केलं आणि २०१४ च्या सोची हिवाळी ऑलिंपिकच्या उद्घाटनाला आपले खेळाडू तिरंग्याऐवजी ऑलिंपिकच्या झेंड्याखाली चालले, हे सांगताना तुम्हीही नाराजच होतात.

आता खरं ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते. लेकीच्या एका निवड शिबिराचं शुल्क रोख मागितलं गेलं आणि पावती "नंतर" मिळणार होती. आम्ही पालक आपसात कुजबुजायचो आणि भरून मोकळे व्हायचो. कोण वाईटपणा घेणार? पोरीचं नाव यादीतून जाईल ही भीती सगळ्यांनाच. तुम्ही म्हणालात, भांडू नका, अर्ज करा. तुम्ही स्वतः मजकूर सांगितलात. आरोप नाही, विशेषण नाही, "सोबत रक्कम जमा करीत आहे, पावती द्यावी ही विनंती" एवढंच, आणि खाली सात पालकांच्या सह्या, म्हणजे एकट्याच्या मुलावर राग निघायला नको. शिवाय अशी संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल तर तिचे लेखापरीक्षित हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे जातात आणि फी भरून ते पाहता येतात, हे आम्हा सातांपैकी एकालाही ठाऊक नव्हतं. पावत्या मिळाल्या. काही चेहरे अजूनही आमच्याकडे बघून हसत नाहीत. लेकीचं नाव यादीत राहिलं.

सगळं छान झालं असं मी लिहावं, हे तुम्हाला आवडणार नाही. आयान यांच्यावर क्रीडा लवादाने जून २०२२ मध्ये आजीवन बंदी घातली. पण त्यांच्यानंतर हंगामी अध्यक्ष म्हणून ज्यांनी चौकशीला वाट करून दिली, त्या अमेरिकेच्या उर्सुला पापांद्रेया यांना त्याआधीच, ऑक्टोबर २०२० मध्ये, कार्यकारिणीने मतदान करून पदावरून काढलं होतं. हे पान तुम्ही आम्हाला मुद्दाम दोनदा वाचायला लावलंत.

ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत ऑलिंपिक समितीचं अधिवेशन झालं आणि तिथे वेटलिफ्टिंग २०२८ साठी परत आलं. लेक पेढे घेऊन वर धावत आली होती. तुम्ही पेढा घेतलात आणि विचारलंत, "महासंघाची नवी घटना वाचलीस का?" तिचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. बॉक्सिंगला तर मार्च २०२५ पर्यंत थांबावं लागलं, तेही जुन्या महासंघाची मान्यता गेल्यावर आणि नवी संस्था उभी राहिल्यावर.

ती अजून रोज सकाळी सरावाला जाते. २०२८ मध्ये ती कुठे असेल, मला माहीत नाही. स्नॅचमध्ये तिचा डावा खांदा कुरकुरतोय, फिजिओकडे नेलं होतं. कॉलेजात कॉमर्स घेतलंय आणि ऑडिटच्या पेपराला तुमच्याकडे येणार म्हणतेय, तेव्हा तयारीत राहा.

एक काम राहिलंय. जिममधले आणखी काही पालक येत्या रविवारी तुमच्याकडे येऊ का विचारताहेत. त्यांच्याही संघटनेचा ताळेबंद आहे, तीन वर्षांचा. खुर्च्या आम्ही आणतो, काकूंना काही करायला लावू नका. आणि मॅक्लारेनच्या स्पायरलमधून पानं निसटायला लागली आहेत. नवीन प्रत मी शनिवारी चौकातून काढून आणते. पैसे देऊ नका. पावती आणते.

तुमची,
खालच्या मजल्यावरची