गच्चीवरच्या अँटेनाला भीतीतून मोकळे करा: केंद्रीय दळणवळण मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय श्री. ज्योतिरादित्य शिंदे,
केंद्रीय दळणवळण मंत्री, भारत सरकार, नवी दिल्ली.

विषय: विमानांचे खुले संकेत केवळ ग्रहण करणाऱ्या उपकरणांना परवान्यातून सूट देण्याबाबत.

महोदय,

सादर नमस्कार.

मी साताऱ्यातील एका कनिष्ठ महाविद्यालयातून निवृत्त झालेला भौतिकशास्त्राचा शिक्षक आहे. हे पत्र मुद्दाम आपल्याला लिहीत आहे, कारण २०२१ ते २०२४ या काळात आपण नागरी विमान वाहतूक खाते सांभाळले आणि आज दळणवळण खाते आपल्याकडे आहे. माझा प्रश्न या दोन खात्यांच्या बरोबर सीमेवरचा आहे. विमानांबद्दलचा म्हणून एक खाते त्याला हात लावत नाही आणि रेडिओलहरींबद्दलचा म्हणून दुसरे खाते त्याकडे परवान्याच्या नजरेने पाहते. दोन्ही बाजू आतून पाहिलेला मंत्री अशा प्रश्नाला क्वचितच लाभतो.

आज आकाशातून जाणारे जवळपास प्रत्येक प्रवासी विमान १०९० मेगाहर्ट्झ या वारंवारितेवर स्वतःची माहिती सतत प्रक्षेपित करत असते. आपण कोण, किती उंचीवर, कोणत्या अक्षांश-रेखांशावर, किती वेगाने आणि कोणत्या दिशेने चाललो आहोत, हे ते सांगते. या पद्धतीला एडीएस-बी म्हणतात आणि त्यातला शेवटचा ‘बी’ हा ब्रॉडकास्टचा, म्हणजे प्रक्षेपणाचा आहे. स्थान सांगणारा संदेश सेकंदातून साधारण दोनदा जातो. एक संदेश ११२ बिटांचा असतो आणि तो १२० मायक्रोसेकंदांत संपतो. त्याला कोणतेही कुलूप नाही. ते मुद्दामच ठेवलेले नाही, कारण तो संदेश जमिनीवरच्या नियंत्रण कक्षाला जसा मिळायला हवा, तसाच शेजारून जाणाऱ्या दुसऱ्या विमानालाही, मग ते कोणत्याही देशाचे असो, आधीची ओळखदेख नसताना वाचता यायला हवा.

हा संदेश घरी टिपायला फार काही लागत नाही. संगणकावर टीव्ही पाहण्यासाठी बनवलेल्या एका स्वस्त यूएसबी कांडीतील आरटीएल-२८३२यू ही चिप लहरींचे कच्चे नमुने जसेच्या तसे संगणकाला देऊ शकते, हे २०१२ च्या सुमारास हौशी मंडळींच्या ध्यानात आले आणि तेव्हापासून जे काम महागड्या यंत्रांचे होते ते सॉफ्टवेअर करू लागले. आमची पहिली अँटेना मी विद्यार्थ्यांबरोबर स्वतः बनवली. १०९० मेगाहर्ट्झची तरंगलांबी साडेसत्तावीस सेंटिमीटर, तिचा चौथा भाग म्हणून सुमारे ६.९ सेंटिमीटर लांबीची एक तांब्याची उभी तार आणि खाली पंचेचाळीस अंशांत वाकवलेल्या तशाच चार तारा. केबल टीव्हीवाल्याकडून आणलेली वायर सोल्डर केली, पावसाचे पाणी जोडात शिरू नये म्हणून वर सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला आणि सारे प्रकरण गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीच्या पाइपाला बांधले.

पहिल्या संध्याकाळी पडद्यावर आकड्या-अक्षरांच्या ओळी सरसर उतरू लागल्या. त्या सोळा-आधारी अंकपद्धतीत होत्या आणि प्रत्येक ओळीत विमानाचा २४ बिटांचा पत्ता होता. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने भारताला दिलेल्या पत्त्यांची सुरुवात त्या पद्धतीत आठ या अंकाने होते. ‘सर, हे आपलं विमान,’ असे एक मुलगी त्या आठाकडे बोट दाखवून म्हणाली. संदेशाचे शेवटचे २४ बिट चूक पकडण्यासाठी असतात. ही तपासणी बहुपदींच्या भागाकाराने होते आणि बाकी शून्य आली की संदेश बिनचूक मानतात. तो भागाकार तिने वहीवर हाताने करून पाहिला आणि बाकी शून्य आल्यावर ती जागेवरून उठूनच उभी राहिली. बहुपदींचा भागाकार मी वर्षानुवर्षे फळ्यावर पाहिला होता, पण त्यासाठी कोणी उठून उभे राहिलेले पाहिले नव्हते.

महिनाभराच्या नोंदींमधून आम्ही आमच्या अँटेनाच्या पल्ल्याचा नकाशा काढला. पस्तीस हजार फुटांवरच्या विमानाला पृथ्वीच्या गोलाईमुळे मिळणारे क्षितिज सुमारे ४०० किलोमीटरवर असते, म्हणून मोकळ्या मैदानात हा नकाशा साधारण गोल यायला हवा. आमचा दक्षिणेकडे खोल चिरलेला आला. मुलांनी आधी अँटेना तपासली, मग वायर तपासली, आणि शेवटी एकाने खिडकीबाहेर पाहिले. दक्षिणेला अजिंक्यतारा उभा होता. दूरच्या, क्षितिजालगतच्या विमानांचे संकेत किल्ल्याने अडवले होते आणि त्याची सावली आमच्या कागदावर उमटली होती. रेडिओलहरी सरळ रेषेत जातात हे वाक्य त्या मुलांना पुन्हा पाठ करावे लागले नाही.

आता माझी अडचण सांगतो. दोन वर्षांपूर्वी महाविद्यालयासाठी असे आणखी दोन रिसीव्हर परदेशातून मागवले. पार्सल वाटेत अडवण्यात आले आणि ‘बिनतारी उपकरण बाळगण्याचा परवाना सादर करावा’ असे पत्र आले. कोणता परवाना, कोणत्या नमुन्यात, कोणाकडे, हे विचारत मी दोन कार्यालयांचे उंबरे झिजवले. एका ठिकाणी मला हॅम रेडिओची, म्हणजे हौशी रेडिओचालकांची, परीक्षा द्या, असे सांगण्यात आले. ती परीक्षा चांगलीच आहे आणि मुलांनी ती द्यावी असे मला वाटतेही, पण तो परवाना हौशी रेडिओसाठी राखलेल्या पट्ट्यांमध्ये केंद्र चालवण्याचा असतो, विमानांच्या १०९० मेगाहर्ट्झशी त्याचा संबंध नाही. पाच आठवड्यांनी पार्सल परत गेले. त्या पत्राचा धसका घेऊन महाविद्यालयाने गच्चीवरची जुनी अँटेनाही उतरवून ठेवली. मी कोणत्याही अधिकाऱ्याला दोष देत नाही. समोरच्या माणसाच्या हातात स्पष्ट नियमच नसेल तर तो ‘नाही’ म्हणून मोकळा होणार, कारण ‘नाही’ म्हटल्याबद्दल त्याला कधी जाब द्यावा लागत नाही.

नियमाची ही संदिग्धता जुनी आहे. १९३३ च्या भारतीय बिनतारी तारायंत्र कायद्याने परवान्याशिवाय बिनतारी उपकरण नुसते बाळगण्यालाच मनाई केली होती. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने वसाहतकाळातली ही चौकट बदलायला घेतली याचा मला आनंद आहे, परंतु त्याच्याही कलम ३ मध्ये रेडिओ उपकरण बाळगण्यासाठी प्राधिकारपत्र लागेल असे म्हटले आहे आणि दूरसंचाराच्या व्याख्येत पाठवण्याबरोबर ग्रहण करणेही आले आहे. म्हणजे शब्दशः वाचले तर जो नुसता ऐकतो तोही प्रक्षेपण करणाऱ्याच्याच रांगेत उभा राहतो. मात्र याच कलमाच्या तिसऱ्या उपकलमात सार्वजनिक हितासाठी सूट देण्याचा अधिकार केंद्र सरकारला आहे. माझी सारी विनंती त्या उपकलमापुरती आहे.

ऐकणे आणि बोलणे यांत फरक केला पाहिजे. प्रक्षेपण करणारे यंत्र दुसऱ्याच्या संदेशात व्यत्यय आणू शकते, म्हणून त्यावर नियंत्रण हवेच, आणि १०९० मेगाहर्ट्झवर खोटे विमान उभे करू पाहणाऱ्याला कडक शिक्षा झाली पाहिजे. रिसीव्हरमधून मात्र काहीच प्रक्षेपित होत नाही. तो सुरू असला काय आणि बंद असला काय, विमानाला, नियंत्रण कक्षाला किंवा शेजारच्या घराला त्याचा पत्ताही लागत नाही. सरकारने २००५ साली २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा परवानामुक्त केला, म्हणूनच आज घराघरांतले वायफाय यंत्र अहोरात्र प्रक्षेपण करते आणि त्यासाठी कोणी कागद मागत नाही. बोलणाऱ्या यंत्राला जी मोकळीक मिळाली, ती नुसत्या ऐकणाऱ्या यंत्राला मिळू नये याचे कारण मला सापडत नाही.

माझ्या लहानपणी आमच्या घरच्या रेडिओचेही लायसन्स होते. वडील दरवर्षी ती परवाना-पुस्तिका घेऊन पोस्टात जात, पैसे भरत, शिक्का मारून आणत आणि ती पुस्तिका रेशन कार्डाशेजारी कपाटात ठेवत. १९८० च्या दशकात सरकारने ती पद्धत बंद केली. घरोघरी रेडिओ ऐकला जातो, त्याने देशाचे काही बिघडत नाही, हे तेव्हा मान्य झाले.

सुरक्षेचा प्रश्न मी टाळणार नाही. पुण्याचे लोहगाव हे हवाई दलाचे ठाणे आहे आणि संघर्षाच्या काळात कोणती विमाने कुठे आहेत हे जगजाहीर होऊ नये, ही चिंता रास्तच आहे. पण लष्करी विमानाला गरजेनुसार आपले प्रक्षेपण बंद ठेवता येते आणि ते चालू असेल तर केवळ आमच्या गच्च्या बंद केल्याने झाकले जात नाही, कारण २०१९ पासून तेच संकेत कृत्रिम उपग्रहांवरूनही सर्वत्र टिपले जात आहेत. ज्याला वाईट हेतूने माहिती हवी त्याला साताऱ्यातल्या विद्यार्थ्याच्या कांडीची गरज नाही. तरीही सूट देताना अटी घालायच्या असतील तर त्या आम्ही आनंदाने पाळू. संरक्षण दलांच्या विमानांची ठिकाणे प्रसिद्ध करू नयेत आणि सरकारने सांगितलेल्या काळात माहितीची देवाणघेवाण थांबवावी, अशा अटी घाला. वैमानिक आणि नियंत्रण कक्ष यांच्यातील बोलणे ऐकण्याची मुभाही मी या पत्रात मागत नाही. तो वेगळा विषय आहे.

उलट हे कान देशाच्या उपयोगी पडू शकतात. नोव्हेंबर २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या काळात सीमाभागात, मुख्यतः अमृतसर आणि जम्मूच्या परिसरात, जीपीएसमध्ये व्यत्यय आल्याच्या ४६५ घटना नोंदल्या गेल्याचे सरकारने संसदेत सांगितले आहे. आपले स्थान किती खात्रीचे आहे हे विमान आपल्या एडीएस-बी संदेशातच कळवत असते. एकाच भागातल्या अनेक विमानांची ती खात्री एकदम घसरली की तिथे जीपीएसमध्ये ढवळाढवळ होत असावी हे ओळखता येते, आणि जगभर असे नकाशे प्रामुख्याने घरगुती रिसीव्हरांच्या नोंदींवरून बनतात. त्या कामात आपली अभियांत्रिकी महाविद्यालये का नसावीत?

१२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेले एअर इंडियाचे विमान उड्डाणानंतर लगेच कोसळले. त्याच्या शेवटच्या एडीएस-बी संदेशात ६२५ फूट ही उंची असल्याचे त्याच दिवशी जगाला कळले. ही उंची हवेच्या दाबावरून काढलेली असते आणि तो विमानतळच समुद्रसपाटीपासून सुमारे २०० फूट उंच आहे, म्हणजे विमान जमिनीपासून ६२५ फुटांवर पोहोचले होते असा तिचा अर्थ होत नाही. हे ज्याला समजते तो अशा दुःखद दिवशी चुकीची माहिती पुढे ढकलत नाही. असे समजणारे लोक गावागावांत असावेत असे मला मनापासून वाटते.

आणि १२ नोव्हेंबर १९९६ ची चरखी दादरीची संध्याकाळ आपल्या देशाने कशी विसरावी? सौदी आणि कझाक विमानांची हवेत टक्कर होऊन ३४९ माणसे गेली. दिल्लीच्या नियंत्रकाला तेव्हा आपल्या रडारवर विमानाची उंची दिसत नव्हती, वैमानिक तोंडाने सांगेल त्यावर त्याला विसंबावे लागत होते. त्या अपघातानंतर भारतात टक्कर टाळणारी यंत्रणा विमानांवर सक्तीची झाली आणि ती यंत्रणा शेजारच्या विमानाचे उत्तर ऐकते ते याच १०९० मेगाहर्ट्झवर. मी वर्गात हा अपघात सांगतो तेव्हा मुले गप्प होतात. त्यानंतर पडद्यावर दोन विमाने एकमेकांवरून हजार फुटांच्या अंतराने सुखरूप जाताना दाखवता आली, तर त्या हजार फुटांची किंमत त्यांना वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

हीच कांडी, अँटेना बदलली आणि संकेत वाढवणारा छोटा अॅम्प्लिफायर जोडला की, १४२० मेगाहर्ट्झवर आकाशगंगेतल्या हायड्रोजनचा संकेतही टिपते. नारायणगावजवळच्या खोडदला रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या जे ऐकतात, त्याची पहिली चाहूल शाळेच्या गच्चीवर घेता येते.

म्हणून विनंती अशी की, ज्या उपकरणात प्रक्षेपणाची सोयच नाही आणि जे विमाने, जहाजे, हवामान उपग्रह किंवा अवकाशातील नैसर्गिक स्रोत यांचे सर्वांसाठी खुले असलेले संकेत केवळ ग्रहण करते, ते बाळगण्यास, आयात करण्यास आणि वापरण्यास प्राधिकारपत्राची गरज नाही, अशी स्पष्ट अधिसूचना आपण काढावी आणि तिची प्रत सीमाशुल्क विभागाला व राज्यांच्या पोलिसांना पाठवावी. सर्वसामान्यांना सहज मिळू शकणारे सागरी आणि हवाई दळणवळणाचे संदेश ग्रहण करणे हा गुन्हा नाही, असे अमेरिकेने १९८६ सालीच कायद्यात लिहून ठेवले आहे. आपल्याकडे एका पानाची अधिसूचना पुरेल.

आमची अँटेना सध्या प्रयोगशाळेतल्या कपाटात, ऑसिलोस्कोपच्या मागे ठेवलेली आहे. जूनमध्ये अकरावीची नवी मुले येतील. अँटेना पुन्हा गच्चीवर लावू द्यावी म्हणून मी प्राचार्यांकडे जाणार आहे, आणि त्यांनी फक्त एकच गोष्ट मागितली आहे. त्यांना फाइलला लावायला सरकारचा एक कागद हवा आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिक्षक, सातारा