सिगिलला जाण्याआधी

पुणे, रविवार रात्र

प्रिय निख्या,

तुझा लांबलचक व्हॉइस मेसेज ऐकला. तुझ्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या खेळातली पार्टी, म्हणजे पोरांच्या पात्रांची टोळी, दहाव्या लेव्हलला पोचली, गोब्लिन संपले, ड्रॅगन मारून झाला आणि आता तुला पोरांना जगाबाहेर काढायचंय. प्लेन्सवर, म्हणजे खेळातल्या परलोकांत. त्यासाठी सोळा बाह्य प्लेन्सचा तक्ता करून भिंतीवर लावलायस म्हणे. निख्या, तो तक्ता आधी उतरव.

रागावू नकोस, कारण सांगतो. प्लेन्सच्या ज्या गोल मांडणीला सगळे 'ग्रेट व्हील' म्हणतात ते चाक जन्मालाच आलं वर्गवारीच्या हौसेतून. खेळाच्या जनकांपैकी एक असलेल्या गॅरी गायगॅक्सने जुलै १९७७च्या 'द ड्रॅगन' मासिकात ही मांडणी छापली आणि पुढच्याच वर्षी 'प्लेअर्स हँडबुक'च्या परिशिष्टात ती कायम करून टाकली. खेळात अलाइनमेंट, म्हणजे पात्राचा नैतिक कल, होतीच: लॉफुल (नियमाने चालणारा), केऑटिक (बेबंद), गुड, ईव्हिल. पठ्ठ्याने त्यातल्या एकेका खणाला एकेक परलोक नेमून दिला. ग्रीकांचं ऑलिंपस आणि हेडीस, ज्यूंचं गेहेना, दान्तेच्या धाटणीचा नऊ थरांचा नरक. लग्नात आलेली भांडी मांडणीवर लावावीत तसं सगळं ओळीने लावलं. आपलं निर्वाणही होतं त्यात, बरं का. कुठे? तर काटेकोर 'लॉ'च्या खणात! पुढे तिथे एकमेकांत अडकलेली अवाढव्य दातेरी चाकं आली आणि खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीच्या काळात नाव बदलून मेकॅनस झालं. वासना विझली की माणूस गिअरबॉक्समध्ये जातो, हे आपल्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

१९८७ साली जेफ ग्रबने 'मॅन्युअल ऑफ द प्लेन्स' लिहिलं. मेहनत अफाट. कुठे श्वास घेता येतो, कुठे कोणता स्पेल (मंत्र) चालत नाही, कुठे काळ वेगळा धावतो, सगळं आहे. पण ते वाचताना मला सारखं वाटतं की हे पुस्तक कुठे जायचं ते सांगतं आणि मग गेल्यावर कसं मरायचं ते. चाकाच्या आतली, मूलतत्त्वांची प्लेन्स बघ ना. आग, पाणी, हवा, माती; त्यांच्या मध्ये धूर, लाव्हा, चिखल, बर्फ; आणि कडेला मीठ, धूळ, राख, पोकळी. मिठाचं प्लेन अंगातलं पाणी शोषून घेतं. पोकळीच्या प्लेनवर काहीच नाही. तिथे पार्टी नेणारा डीएम (डंजन मास्टर, खेळ चालवणारा) मला भेटला तर सेशनची तयारी काय केली होतीस, हे मी नक्की विचारणार. या सगळ्यात मला फक्त आगीच्या प्लेनवरचं सिटी ऑफ ब्रास आवडतं, कारण तिथे निदान इफ्रीटांशी, म्हणजे आगीच्या जिनांशी, घासाघीस तरी करता येते. बाकीचं सोड.

खरी गंमत सुरू होते १९९४ला. डेव्हिड 'झेब' कुकने 'प्लेनस्केप' आणलं, प्लेन्सवरच खेळायचा संच. या परलोकांत राहतं कोण आणि त्यांचं रोजचं चालतं कसं, तिथपासून त्याने सुरुवात केली. त्याने चाक मोडलं नाही, पण ते कशावर फिरतं ते बदललं. प्लेनस्केपमध्ये श्रद्धेला वजन आहे. पुरेशा लोकांनी एखादी गोष्ट पुरेशी मनापासून मानली की जमीनच तशी होते. मला विचारशील तर प्लेन म्हणजे जमीन फुटलेलं मत. हे एकदा डोक्यात बसलं की तक्त्याची गरज उरत नाही.

चाकाच्या मधोमध आउटलँड्स आहे ना, त्याच्या कडेने सोळा गेट-टाउन्स आहेत, एकेका प्लेनच्या वेशीवर एकेक. त्यातलं कर्स्ट घे. ते कार्सेरीच्या दारात आहे आणि कार्सेरी म्हणजे दगाबाजांचा तुरुंग. कर्स्टमध्ये राहणारे सगळे हद्दपार झालेले, फसवले गेलेले, कुणाचा तरी हिशेब चुकता करायला टपलेले. एखाद्या गेट-टाउनमधले लोक शेजारच्या प्लेनसारखे फारच वागायला लागले, की ते गाव आउटलँड्समधून घसरतं आणि पलीकडे जाऊन पडतं. गावच्या गाव! घरं, विहीर, दारूचा गुत्ता, सगळं. म्हणजे तिथे एका माणसाने दुसऱ्याला माफ करणं हे शहररक्षणाचं काम आहे. तुझ्या पार्टीला असं गाव वाचवायला दे. तलवारीचा काही उपयोग होणार नाही, आणि त्यांची तोंडं बघण्यासारखी होतील.

आता सिगिल. आउटलँड्सच्या मध्यावर अनंत उंचीचा सुळका आहे आणि त्याच्या टोकावर एक पोकळ कडं तरंगतंय (अनंताला टोक कसं, हे विचारू नकोस, तिथले लोकही विचारत नाहीत). कड्याच्या आतल्या बाजूला शहर. मान वर केली की आकाशाच्या जागी पलीकडच्या वस्तीची छपरं दिसतात, तीही धुरकं कमी असेल तर. शहरात येण्याजाण्याचा रस्ता एकच, पोर्टल. कमान, खिडकी, पिंपाचं तोंड, चौकट असलेली कुठलीही मोकळी जागा पोर्टल असू शकते, फक्त तिची किल्ली जवळ हवी. किल्ली म्हणजे वस्तूच असं नाही, एखादा शब्द किंवा मनात आलेला विचारही चालतो. खिशात चुकून नेमका खिळा असेल तर संडासाचं दार उघडून माणूस थेट नरकात पाय ठेवेल.

देवांना त्या शहरात प्रवेश नाही. शहर लेडी ऑफ पेनचं. ती बोलत नाही, तिला पूजा चालत नाही. पूजा केलीस तर मेलास. दारांचा एक देव होता, आओस्कर नावाचा. सिगिलमध्ये त्याची भक्ती जरा जास्तच वाढली, तेव्हा तिने त्यालाच संपवला. इथे डीएम म्हणून एक पथ्य पाळ: तिला कधीही संवाद देऊ नकोस आणि तिच्या ताकदीचे आकडे कागदावर मांडू नकोस. ती रस्त्याच्या टोकाला दिसली की टेबलावर शांतता पसरली पाहिजे, बस.

शहराचा कारभार पंधरा फॅक्शन्सकडे होता. प्रत्येक फॅक्शन म्हणजे एक तत्त्वज्ञान आणि वर एक सरकारी खातं. आपण सगळे आधीच मेलेलो आहोत असं मानणाऱ्या डस्टमेनकडे शवागार. सगळं जग झिजून संपणार आणि ते संपू द्यावं म्हणणाऱ्या डूमगार्डकडे शस्त्रागार. खातेवाटप करणाऱ्याला मानलं पाहिजे.

श्रद्धेचा हा नियम सगळ्यात नीट वापरला तो 'प्लेनस्केप: टॉरमेंट' या १९९९च्या कॉम्प्युटर गेमने. त्यातल्या नायकाला स्वतःचं नाव आठवत नाही. कुणी विचारलं तर 'अडान' असं खोटं नाव सांगायचा पर्याय येतो. ते पुरेशा वेळा सांगितलंस की पुढे कधीतरी अडान नावाचा माणूस खरोखर भेटतो! थाप इतक्यांनी खरी मानली की तिला हातपाय फुटले. गेमभर याचा गाजावाजा नाही, लक्षात आलं तर आलं. मला पूर्ण नियमपुस्तकापेक्षा हा एक प्रसंग जास्त शिकवून गेला.

आमच्या टेबलावरचंही एक सांगतो. २०१४च्या 'डंजन मास्टर्स गाइड'मध्ये प्लेन्ससाठी छोटे ऐच्छिक नियम दिलेत. बहुतेक जण ती पानं उलटून पुढे जातात. मेकॅनसचा नियम असा की तिथे डॅमेजचे डाइस (वाराने किती इजा झाली ते ठरवणारे फासे) टाकायचेच नाहीत, नेहमी सरासरी धरायची. पार्टी मेकॅनसच्या चाकावर उतरली तसा मी उठलो, स्टीलचं पातेलं फिरवलं आणि डॅमेजचे सगळे डाइस गोळा केले. आमचा फायटर मोठी तलवार चालवतो, दोन सहापैलू डाइस अधिक चार. म्हणजे सरासरी अकरा. पुन्हा लागली, अकरा. क्लेरिक (पुजारी) खेळणारी पोरगी खूश होती, हिशेब सोपा झाला म्हणून. पण थोड्या वेळाने फायटर नुसता बोटं चोळत बसला. मॉड्रॉन, मेकॅनसचे यंत्रासारखे रहिवासी, समोर उभे, चौकोनी, सभ्य, प्रत्येकाला फक्त आपल्या वरची एक पायरी ठाऊक. त्यांनी त्याला विचारलं, 'गैरसोय काय आहे?' आणि त्याला उत्तर देता येईना. त्याचं नुकसान काहीच होत नव्हतं. सेशन संपेपर्यंत 'इथून निघायचं' हा त्या पार्टीचा एकमेव धर्म झाला होता, आणि मी भीती वाटेल असं काहीही वर्णन केलेलं नव्हतं.

तसाच एलिझियमचा नियम. तिथे इतकं सुख आहे की झोपून उठल्यावर सेव्हिंग थ्रो (बचावाचा फासा) टाकावा लागतो, आणि फसत गेलास तर परत जायची इच्छाच मरते. स्वर्ग धोकादायक असू शकतो हे खेळाडूंच्या ध्यानीमनी नसतं. ब्लड वॉर, डेव्हिल आणि डीमन या सैतानांच्या दोन जातींची ती न संपणारी लढाई, मात्र सगळ्यांना पाठ असते. मला त्यात युगोलोथ तेवढे आवडतात, दोन्ही बाजूंना भाड्याने सैन्य पुरवणारे. धंदा कळतो त्यांना.

चाकावर माझा एक आक्षेप आहे, आणि तो तुला पटेल कारण तू दरवर्षी पाडव्याला 'इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो' म्हणतोस. बळी कुठे राहतो? सुतलात, पाताळांपैकी एका तळात. भागवतात तर त्याच्या दारावर खुद्द विष्णू पहारा देतो. विष्णुपुराणात नारद पाताळ बघून येतो आणि इंद्राच्या स्वर्गापेक्षा सरस म्हणून वाखाणतो. आता हे सुतल चाकाच्या कुठल्या खणात बसवणार? खाली आहे पण दुष्ट नाही. राजा असुर, पण सज्जन. देव द्वारपाल, तोही बळीला हरवल्यानंतर. गायगॅक्सच्या चाकात खाली म्हणजे वाईट हे गृहीतच आहे, म्हणून आपल्याकडून जो राक्षस तिकडे गेला तो असा: १९७७च्या 'मॉन्स्टर मॅन्युअल'पासून वाघाचं डोकं, उलटे तळहात, आणि पाचव्या आवृत्तीत थेट नाइन हेल्सचा मूळ रहिवासी. उलटी पावलं आपण भुतांना देतो, यांनी हात उलटे केले. बिभीषणाची सोय कुणीच केली नाही.

अर्थात आता बदलतंय. २०२२च्या 'जर्नीज थ्रू द रेडियंट सिटाडेल' या साहसांच्या पुस्तकात ईथरियल प्लेनच्या खोल धुक्यात एक शहर आहे, अजस्र जीवाश्मात कोरलेलं, आणि ते वेगवेगळ्या संस्कृतींना जोडतं. त्यात मिमी मोंडल यांनी लिहिलेलं साहस बंगालच्या मातीतलं आहे. तुझ्या पोरांना तेही आवडेल.

म्हणून तुला सुचवतो ते असं. सुतल तूच बनव. चाकात बसवायच्या फंदात पडू नकोस. पार्टी खाली जाते आहे या समजुतीने शस्त्रं परजून उतरू दे, आणि दारात जो उभा आहे त्याला ओळखल्यावर काय करतात ते बघ.

पण त्याआधी तुझ्या त्या बँकेतल्या खेळाडूच्या पॅलाडिनकडे (शपथबद्ध योद्ध्याकडे) लक्ष दे. त्याची शपथ सूडाची आहे ना? मग पहिला दौरा अ‍ॅकेरॉनचा. लोखंडाचे प्रचंड ठोकळे पोकळीत तरंगतायत, एकमेकांवर आदळतायत, त्यांच्या पाठीवर गोब्लिन आणि ऑर्कांच्या फौजा लढतायत, कशासाठी ते कुणालाच आठवत नाही. तिथला नियम असा की शत्रू आडवा केला की तुला तात्पुरते हिट पॉइंट (किती मार सोसता येतो त्याचे गुण) मिळतात. प्लेन पाठ थोपटतं. पॅलाडिनला पहिले काही वार हे फार आवडेल. मग एखाद्या म्हाताऱ्या ऑर्क सेनापतीला त्याच्याशी आपुलकीने बोलू दे, जणू घरचाच माणूस परत आलाय.

जुन्या प्लेनस्केपमधला एक नियम मात्र बिनदिक्कत गाळ: जादूची तलवार जिथे घडली त्या प्लेनपासून जितकी दूर तितकी तिची ताकद कमी, आणि क्लेरिकही आपल्या देवापासून लांब गेला की लेव्हल गमावतो. कल्पना छान, पण टेबलावर नुसती आकडेमोड होते आणि क्लेरिक खेळणारा रुसतो. त्यापेक्षा २००४च्या एबेरॉनमधून, या खेळाच्याच दुसऱ्या एका दुनियेतून, एक गोष्ट उचल. कीथ बेकरने तिथली प्लेन्स जगाभोवती फिरती ठेवली. एखादं जवळ आलं की त्याचा गुण इथल्या हवेत झिरपतो. पार्टी निघायच्या आधीचे दोन सेशन गावात हे होऊ दे. अ‍ॅकेरॉन जवळ येतंय म्हणून बाजारात क्षुल्लक कारणावरून मारामाऱ्या, नांगराचे फाळ तलवारीसारखे लखलखीत, शेजारी शेजाऱ्याशी बांधावरून भांडतोय. (बांधावरून ते एरवीही भांडतात, पण तू कर काहीतरी.)

प्लेनस्केपचा जुना बॉक्स सेट विकत घ्यायच्या भानगडीत पडू नकोस, संग्राहकांनी त्याचे भाव कुठल्या कुठे नेलेत. २०२३चा नवा संच पुरे, बाकी मी सांगतो. पॅलाडिनची पूर्वकथा मला पाठव, सेनापतीचे संवाद लिहून देतो. आणि माझं डंजन मास्टर्स गाइड गेल्या दिवाळीपासून तुझ्याकडे आहे. वर सांगितलेले नियम त्यात दुसऱ्या प्रकरणात आहेत. ते वाच, आणि मग कुणाबरोबर तरी पाठवून दे.

वहिनींना नमस्कार, चिऊला लाड.

तुझा,
मंदार