साळावच्या तिठ्यापर्यंत मागून आलेल्या काकांना

आदरणीय काकांस,
सा. न. वि. वि.

तुमचे नाव मी विचारले नाही आणि तुम्हीही माझे विचारले नाही, म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे. तुमच्या गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ते तुम्हाला आवडणार नाही असे मला वाटते. रोह्याहून चणेऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, चिंचेच्या झाडाखाली पत्र्याचे छप्पर आणि त्याला टांगलेले दोन जुने टायर, एवढी खूण तुम्हाला पुरेशी आहे. कोणी हे पत्र तुम्हाला वाचून दाखवले, तर जानेवारीतल्या त्या शनिवारी सकाळी सायकल ढकलत आलेली बाई तुम्हाला नक्की आठवेल.

मी पनवेलच्या एका शाळेत इतिहास शिकवते. पोर्तुगीज सत्तेविषयीचा परिच्छेद दरवर्षी वर्गात वाचते, आणि दरवर्षी मला वाटते की चौल, रेवदंडा, कोर्लई ही नावे मुलांपुढे नुसती फळ्यावर लिहून भागत नाही. ही बंदरे आणि तिथली चर्चे आकाशातून पडलेली नाहीत. सह्याद्रीतून उतरणाऱ्या कुंडलिकेने त्यांना मुख दिले आणि खोरे दिले. म्हणून यंदा ठरवले, की कोलाडपासून खाडीच्या तोंडापर्यंत नदीच्याच संगतीने जायचे, आणि तेही सायकलवर, म्हणजे नदी जेवढ्या सावकाश समुद्राला जाते तेवढ्या सावकाश आपणही जाऊ. ऐन हिवाळ्यातही ही नदी भरलेली दिसते, याचे कारण घाटावर आहे. मुळशीच्या धरणाचे पाणी 1927 पासून भिऱ्याच्या वीजघरातून खाली येते आणि कुंडलिकेत मिसळते. ज्यांच्या जमिनी त्या धरणाखाली गेल्या आणि ज्यांनी सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला, त्यांची आठवण नदीकाठाने जाताना मला सारखी येत होती.

रोहा सोडल्यावर भातकापणी झालेल्या शेतांत वालाच्या शेंगा भरल्या होत्या. तिथेच मागच्या चाकाची एक तार तुटली. थोड्या वेळाने दुसरी तुटली, चाक असे वाकले की ब्रेकला घासून फिरेना. निघण्याच्या आठ दिवस आधी मी माझ्या शहरातल्या एका मोठ्या, झगमगीत दुकानात सायकल दिली होती. मागे सामानाच्या पिशव्या असतील, रस्ता खाडीकाठचा आहे, मागच्या चाकाकडे नीट पाहा, असे मी दोनदा बजावले होते. त्यांनी भरपूर पैसे घेतले, सायकल धुऊन चकचकीत केली आणि चाकाला हात लावला नाही, हे तारा हातात आल्यावर मला कळले. त्या दुकानात फोन केला, तेव्हा पलीकडच्या मुलाने सांगितले की सोमवारी सायकल घेऊन या, आमच्या पद्धतीने तपासू. मी शनिवारी रोहा तालुक्यातल्या एका शेताच्या कडेला उभी होते. त्याने माझे बोलणे पुरते ऐकूनही घेतले नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

रस्त्यावर गाड्या थांबल्या नाहीत असे नाही. दोन थांबल्या. दोन्हींतल्या मंडळींनी मला एकच सल्ला दिला: टेम्पो करा, सायकल त्यात टाका आणि अलिबागला जाऊन आराम करा. एकाने तर या वयात एकटीने कशाला हा उद्योग, असेही विचारले. त्यांचा हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही. पण त्यांना माझी अडचण दिसली, मी कुठे निघाले होते हे कोणालाच विचारावेसे वाटले नाही.

काका, तुम्ही पहिल्यांदा तेच विचारलेत. सायकलकडे न पाहता माझ्याकडे पाहून म्हणालात, "ताई, कुठवर जायाचं हाय?" मी म्हणाले, आज दुपारपर्यंत कोर्लई, संध्याकाळी रेवदंडा. कोर्लईत एक आजी माझी वाट पाहत आहेत, त्यांनी मला त्यांची भाषा ऐकवायचे कबूल केले आहे. तुम्ही मान हलवलीत आणि म्हणालात, "मग सायकलनंच जाशाल." टेम्पोचा शब्दही तुमच्या तोंडून आला नाही.

त्या चाकाचे तुम्ही काय केलेत, ते मला सगळे कळले नाही आणि इथे सांगण्याची गरजही नाही. माझ्या सायकलच्या फ्रीव्हीलला लागणारे अवजार तुमच्याकडे नव्हते आणि तारांची लांबीही जमत नव्हती. तुम्ही पक्कडीने लांब तारा कापून त्यांचे टोक आकड्यासारखे वळवलेत, त्या अडकवल्यात, आणि मग चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढायला बसलात. ते दृश्य मात्र माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. उजव्या हाताचा अंगठा रिमच्या इतका जवळ धरला होता, की मध्ये जेमतेम कागद सरकेल एवढीच फट. डाव्या हाताने चाक फिरत होते, आणि रिम अंगठ्याला शिवली की तुम्ही थांबून पाना अर्धाच फिरवत होता, पुन्हा चाक फिरवत होता. तुमच्या नखाला काळी धार लागली होती. पाऊण तास गेला. मध्येच घरातून पोपटीच्या, म्हणजे भांबुर्डीच्या पाल्यात मडक्यात भाजलेल्या, वालाच्या शेंगांची ताटली आली, आदल्या रात्रीच्या, अजून त्या पाल्याचा वास असलेल्या. तुम्ही ताटली माझ्याकडे सरकवलीत आणि पुन्हा चाकाकडे वळलात. सगळ्या कामाचे तुम्ही 40 रुपये घेतलेत. मी जास्त देऊ लागले, तेव्हा तुम्ही नुसते हसून नोट परत माझ्या हातात ठेवलीत.

एवढे झाले असते तरी मी तुमची ऋणी राहिले असते. पण हे पत्र त्यानंतरच्या गोष्टीसाठी आहे.

मी निघाले, तेव्हा तुम्ही आपली काळी, जाड दांड्याची सायकल चिंचेला टेकवली होती ती काढलीत आणि म्हणालात, "मना पन सालावला काम हाय." मग तासाभराहून अधिक वेळ तुम्ही माझ्या मागे होता. माझ्या पुढे गेला नाहीत, बरोबरीने आला नाहीत, मागेच राहिलात, पंधरा-वीस हातांवर. तुमच्या मडगार्डचा खडखडाट मला सतत ऐकू येत होता. पहिल्या उतारावर मी घाबरून ब्रेक दाबले तेव्हा तो आवाज तेवढाच हळू झाला. मी पाणी प्यायला थांबले की तुम्हीही लांब थांबून नदीकडे पाहत उभे राहत होता. एकदाही विचारले नाही की चाक ठीक आहे ना. तुम्ही विचारले असते, तर मला सारखी चाकाचीच काळजी लागून राहिली असती. विचारले नाहीत, म्हणून मी रस्ता पाहिला, शेते पाहिली, भरतीचे पाणी चढत आलेली खाडी पाहिली, कांदळवनातले बगळे पाहिले. नदीबरोबर समुद्राला जायचे म्हणून मी घरातून निघाले होते आणि ते जाणे माझ्याकडून हिरावले गेले नाही.

साळावच्या तिठ्यावर, जिथून एक रस्ता पुलावरून रेवदंड्याला आणि दुसरा कोर्लईवरून मुरुडला जातो, तिथे तुम्ही खाली बसून माझे मागचे चाक उचललेत, फिरवलेत, अंगठा लावून पाहिलात आणि सीटवर दोनदा थाप मारून म्हणालात, "जावा आता." मी थोडे पुढे जाऊन मागे वळून पाहिले. तुम्ही साळावात कुठेही गेला नव्हतात. सायकल वळवून आल्या वाटेने परत निघाला होता. साळावला तुमचे काहीच काम नव्हते, हे मला तेव्हा कळले आणि रस्त्याच्या कडेला थांबून मी रडले. हे लिहितानाही माझे डोळे भरून येत आहेत.

काका, त्या दिवशी मी काय पाहिले ते तुम्हाला सांगायला हवे, कारण ते पाहणे तुमच्यामुळे झाले. कोर्लईच्या आजी वाट पाहत होत्या. पोर्तुगीजांनी 1594 साली कोर्लईच्या किल्ल्याचा डोंगर निजामशाहीकडून घेतला आणि 1740 साली तो मराठ्यांकडे आला. वसई एक वर्ष आधीच चिमाजीअप्पांनी जिंकली होती. सत्ता गेली, पण पायथ्याच्या गावातली ख्रिस्ती माणसे तिथेच राहिली, माउंट कार्मेलच्या मातेचे चर्च राहिले, आणि त्यांची बोली राहिली. ते तिला नौ लिंग म्हणतात, म्हणजे आमची भाषा. आजी बोलत होत्या तेव्हा शब्द मला एकही कळत नव्हता, पण वाक्य कुठे संपणार ते कळत होते, कारण क्रियापद आपल्यासारखे शेवटी येते. शब्द बहुतेक पोर्तुगीजांचे, वाक्याची चाल मराठीची. पावणेतीनशे वर्षांहून अधिक काळ शेजारपाजारच्या बोलण्याने त्या भाषेला सोबत केली आणि तिचे शब्द तिच्याकडेच राहू दिले. ती ऐकताना मला तुमच्या मडगार्डचा आवाज आठवला.

संध्याकाळी पूल ओलांडून रेवदंड्याला गेले. किल्ल्याच्या तटातूनच रस्ता आत जातो. आत नारळी-पोफळींच्या वाड्यांमध्ये चर्चांचे अवशेष उभे आहेत. फ्रान्सिस्कन चर्चचा सातखणी मनोरा वरून ढासळलेला आहे, तरी लांबून ओळखू येतो. डोमिनिकनांच्या चर्चच्या भिंतींवर वेली चढल्या आहेत. एका वाडीत एक बाई सुपाऱ्या वाळत घालत होत्या आणि त्यांच्या मागे चारशे वर्षांहून जुनी कमान होती. मी विचारले, आत जाऊ का. त्या म्हणाल्या, जा की, विचारायचं काय त्यात. वाडीतून शेजाऱ्याला जाऊ द्यावे तसे त्यांनी मला जाऊ दिले. अशा माणसांचा सत्कार कोणी करत नाही आणि त्यांना तो नकोही असतो. पण कोकणातले कितीतरी जगणे त्यांच्या जिवावर चालते, हे मी त्या दोन दिवसांत डोळ्यांनी पाहिले. आपण फलक पाहून विश्वास टाकतो, मीही टाकला होता. तुमच्या पत्र्यावर फलकसुद्धा नव्हता.

घरी आल्यावर मी चाक उघडून दुसरीकडे दिले नाही. तुम्ही वळवलेल्या त्या दोन तारा अजून तशाच आहेत आणि चाक सरळ आहे. नववीच्या मुलांना मी त्या दाखवल्या, आणि मग कोर्लईचा धडा शिकवला.

पावसाळ्यापूर्वी मी पुन्हा त्या रस्त्याने येणार आहे. त्या दिवशी तुम्हाला साळावला खरोखरच काही काम असेल, तर निघा, मी तुमच्या मागून येईन.

आपली नम्र,
एक शिक्षिका, पनवेल